धंदा करायचाय, पण होत नाही: विद्यार्थी उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका कॉलेजच्या उद्योजकता कक्षात विद्यार्थ्यांशी बोलायला बसतो. आत येणारा जवळजवळ प्रत्येक जण 'सर, एक आयडिया आहे' इथून सुरुवात करतो. वर्षभराने तोच जिन्यात भेटला की 'सर, तेवढं राहूनच गेलं' म्हणतो. या दोन वाक्यांच्या मधे काय होतं आणि ज्यांचं राहून जात नाही ते काय वेगळं करतात, यावर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही.

दोन वर्षांपासून मनात आहे, पण सुरुवातच होत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. इच्छा असणं आणि काम सुरू होणं यांत मोठी दरी असते, आणि ती सगळ्यांच्याच वाट्याला येते.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये मांडलेला एक सिद्धांत या विषयात फार वापरला जातो. त्याच्या मते एखादी गोष्ट करायची इच्छा तीन गोष्टींवर ठरते: ती आपल्याला कशी वाटते, आपल्या माणसांना कशी वाटते, आणि ती आपल्याला जमेल असं वाटतं का. ऑस्ट्रिया आणि फिनलंडमधल्या ९६९ प्रौढांवर हे तपासून पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. कोणाला व्यवसायाची इच्छा जास्त, कोणाला कमी, या फरकातला ५९ टक्के भाग त्या तीन गोष्टींनी उलगडला. पण नंतर कोणी प्रत्यक्ष किती हालचाल केली, यातला फक्त ३१ टक्के भाग इच्छा आणि 'जमेल' ही भावना मिळून सांगू शकल्या. बाकीचा या दोन्हींच्या बाहेर राहिला. इथेच घोडं पेंड खातं.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन विद्यापीठातून चालणारं 'गेस' नावाचं जागतिक सर्वेक्षण आहे. त्याच्या २०२१ च्या फेरीत ५८ देशांतल्या अडीच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं गेलं. शिक्षण संपल्याबरोबर स्वतःचा व्यवसाय करायचाय म्हणणारे साधारण १८ टक्के निघाले, पाच वर्षांनी करायचाय म्हणणारे ३२ टक्के. 'पाच वर्षांनी' हे उत्तर द्यायला सोपं असतं, कारण त्यासाठी आज संध्याकाळी काहीच करावं लागत नाही.

मग त्या दरीवर पूल कसा बांधायचा? प्रेरणादायी व्याख्यानं ऐकून फरक पडतो का?

व्याख्यानं ऐका, त्यात वाईट काही नाही. पण त्यांच्यावर विसंबू नका.

ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. तो व्यायामाचा आहे, धंद्याचा नाही; तरी आपल्याला पुरेपूर लागू पडतो. एका गटाला व्यायामाची फक्त नोंद ठेवायला सांगितली. दुसऱ्याला शिवाय प्रेरणा देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि वर एक वाक्य पुरं करून घेतलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, इतक्या वाजता, या ठिकाणी व्यायाम करीन. प्रत्यक्ष व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के, तिसऱ्यात ९१ टक्के. हे २००२ सालचं संशोधन. प्रेरणेने काही हललं नाही. वार, वेळ आणि जागा ठरल्यावर हललं.

या तंत्राचा पाया पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने घातला. त्याचं सोपं रूप म्हणजे 'जर-तर' वाक्य: जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन. २००६ मध्ये त्याने आणि एका सहकाऱ्याने अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि परिणाम चांगलाच दणकट दिसला.

'जर-तर' धंद्यासाठी लिहायचं कसं? एखादं उदाहरण द्या.

माझ्याकडे येणाऱ्यांच्या वहीत पहिल्या दिवशी 'मार्केट रिसर्च करणे' असं लिहिलेलं असतं. त्यावर मी काट मारायला लावतो. 'मार्केट रिसर्च' कोणत्या वारी येतो? कल्पना लॅबच्या एप्रनची असेल, तर त्याऐवजी हे लिहा: 'बुधवारी प्रॅक्टिकल संपलं, की लॅबच्या दाराशी थांबून ओळख नसलेल्या तीन जणांना विचारीन, गेल्या महिन्यात एप्रनचं काय काय झालं?' हे झालं की नाही, ते बुधवारी रात्री कळतं.

अडचणींसाठीही आधीच वाक्य तयार ठेवा. 'जर पहिल्याने हाड्‌हुड्‌ केलं, तर पाणी पिऊन येईन आणि दुसऱ्याकडे जाईन.' वाचायला पोरकट वाटतं. पण पहिल्या नकारानंतर घरी निघून गेलेली मुलं मी मोजायची सोडून दिली आहेत.

मी उत्साहाने सुरू करतो, पण दोन महिन्यांत आवड ओसरते. म्हणजे ती माझी खरी आवड नव्हती का?

नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात. 'आधी आवड शोधा, मग काम आपोआप होईल' हा सल्ला मला उलटा वाटतो. मायकेल गिलनिक आणि मायकेल फ्रेझे हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी नव्याने सुरुवात करणाऱ्या उद्योजकांना आठ आठवडे, दर आठवड्याला प्रश्न विचारले. ज्या आठवड्यात जास्त कष्ट घेतले, त्याच्या पुढच्या आठवड्यात आवड वाढलेली दिसली. पुढच्या प्रयोगात दोन अटी स्पष्ट झाल्या: कष्टांतून काहीतरी पुढे सरकलेलं दिसायला हवं, आणि काम स्वतः निवडलेलं हवं. कोणी गळ्यात मारलेलं असेल, तर नुसत्या घामाने त्याची गोडी लागत नाही.

म्हणून आवड ओसरली की मी 'मन कुठे आहे' असं विचारत नाही. गेल्या आठवड्यात काय पुढे सरकलं, ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'लोगो बदलला.'

माझी कल्पना चांगली आहे हे ओळखायचं कसं?

कल्पना खोलीत बसून ओळखता येत नाही, आणि माझ्यासमोर बसूनही नाही. माझा अंदाज चुकतो. एक उदाहरण सांगतो.

रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली लॅबचे एप्रन भाड्याने द्यायची कल्पना घेऊन आल्या. पहिल्या वर्षाची मुलं एप्रन विसरतात, लॅबमध्ये घेत नाहीत, धावाधाव होते. तेव्हा दाराशीच भाड्याने मिळाला तर? मला कल्पना पसंत पडली, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी सीनियर मुलांकडून तीस जुने एप्रन गोळा केले, धुतले, कॉलरच्या आत मार्करने आकडे टाकले. महिनाभर एका वहीत नोंद ठेवली: आकडा, नाव, नेला कधी, आणला कधी, शेरा.

महिन्याच्या शेवटी ती वही आम्ही टेबलावर उघडली. भाड्याचा धंदा अगदीच फुसका होता. एकदा ओरडा खाल्लेला मुलगा दुसऱ्यांदा विसरत नाही, त्यामुळे परत येणारं गिऱ्हाईकच नाही. अकरा एप्रन डागाळून आले होते, त्यातल्या दोघांना ॲसिडची भोकं. मी 'गाशा गुंडाळा' म्हणणार होतो, तेवढ्यात एकीने शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. सहा ठिकाणी तिने घाईत एकच गोष्ट खरडली होती: 'स्वतःचा धुऊन देणार का विचारतोय.'

तिथून पुढे तो धुलाईचा धंदा झाला. डाग काढायचे, बटणं लावायची, सोमवारी न्यायचं आणि बुधवारी परत द्यायचं. एप्रन दर पंधरा दिवसांनी मळतो, म्हणून गिऱ्हाईक दर पंधरा दिवसांनी येतं. रसायनांचा कुठला डाग कशाने निघतो हे त्या मुलींना माहीत होतं, आणि ते ज्ञान कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे नव्हतं.

यातून तुम्ही घ्यायचं ते हे: 'कल्पना आवडली का?' असं कधी विचारू नका. माणसं भिडेखातर 'हो' म्हणतात. काहीतरी लहानसं समोर ठेवा आणि लोक काय करतात ते लिहून ठेवा. इटलीतल्या ११६ नवोदित उद्योगांवर एक प्रयोग झाला होता, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सर्वसाधारण प्रशिक्षण दिलं. उरलेल्या निम्म्यांना त्याच प्रशिक्षणात शास्त्रज्ञासारखं वागायला शिकवलं: आधी अंदाज लिहायचा, तो कशाने खोटा ठरेल ते ठरवायचं, मग तपासायचं. या दुसऱ्या गटाची कमाई जास्त झाली आणि त्यांनी आपल्या कल्पना जास्त वेळा बदलल्याही. कल्पनेत बदल करणं म्हणजे हार, असं समजणाऱ्यांनी हे भिंतीवर लावावं.

मित्रमैत्रिणींनी विकत घेतलं. ते गिऱ्हाईक धरायचे का?

नाही. अनोळखी माणसाने पैसे दिले, आणि तो दुसऱ्यांदा आला, की धरायचं.

कल्पना कोणी चोरली तर? म्हणून मी कोणाला सांगत नाही.

इतक्या वर्षांत चोरीला गेलेली कल्पना मी पाहिली नाही. वहीत पडून वाळवी लागलेल्या ढीगभर पाहिल्या.

उद्योजकतेचा कोर्स करावा का?

कोर्स कसला आहे, त्यावर आहे. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांच्या 'मिनी कंपनी' कार्यक्रमाची २०१० मध्ये कसून तपासणी झाली. कौशल्यांवर ठळक परिणाम दिसला नाही, आणि व्यवसाय करायची इच्छा तर चक्क कमी झाली. हे ऐकून लोक हसतात. मला त्यात तितकंसं वाईट वाटत नाही. हे आपलं काम नव्हे, हे विसाव्या वर्षी कळलं तर वाचलेली वर्षं तुमचीच आहेत.

दुसरीकडे टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट करून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला जमाखर्च, विपणन, मनुष्यबळ असं नेहमीचं शिक्षण दिलं. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवलं: कोणी सांगायच्या आत संधी शोधणं, इतरांहून वेगळं काही करणं, अडथळा आला तरी मागे न हटणं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. या तिसऱ्या गटाशी तुलना केली, तर पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या शिक्षणाच्या गटाची वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगानेही आलेली असू शकेल इतकी अनिश्चित होती.

मी तर कोर्सची पुस्तिका उघडून एकच गोष्ट बघतो: यात मुलांना खऱ्या माणसाला खरी वस्तू विकावी लागते का? युगांडातल्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनीतल्या लुनेबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी आखलेल्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये हेच करतात. गटाला थोडं भांडवल मिळतं आणि कोर्स चालू असतानाच धंदा चालवायचा असतो. त्या विद्यार्थ्यांचा पुढे बराच काळ मागोवा घेतला गेला. कोर्सनंतर उत्साह वाढला होता, पण तो टिकला मुख्यतः त्यांच्यात, ज्यांचा 'मला हे जमतं' हा विश्वास टिकून होता.

स्पर्धांमध्ये भाग घेऊ का? आम्ही दोन ठिकाणी जिंकलोय.

अभिनंदन. आता वर्षभर एकही स्पर्धा नको. परीक्षक गिऱ्हाईक नसतात, त्यांना वस्तू विकत घ्यायची नसते. तीन स्पर्धा जिंकलेला, सादरीकरण तोंडपाठ असलेला आणि एकही विक्री न झालेला गट ही कॉलेजांमधली एक ठरलेली जमात आहे. बक्षिसाचे पैसे उपयोगी पडतात, हे मान्य. पण स्पर्धेची तयारी करताना धंद्याचं काम केल्याचं समाधान मिळतं, आणि ते समाधान खोटं असतं.

जोडीदार हवा का? आणि हिस्से कसे वाटायचे?

जोडीदार असावा, विशेषतः विद्यार्थ्यांना. एकाची परीक्षा असते तेव्हा दुसरा दुकान उघडं ठेवतो. पण आपल्यासारखाच जोडीदार निवडू नका. दोघंही कोड लिहिणारे असतील, तर विकायला कोणीच जात नाही.

हिश्श्यांचं बोलणं मात्र पहिल्या महिन्यातच करा, आणि कागदावर करा. हे मी स्वतः ठेच लागल्यावर सांगतोय. विद्यार्थी असताना मी आणि एका मित्राने छपाईचं काम सुरू केलं होतं. 'आपल्यात काय लिहायचं' म्हणून काही लिहिलं नाही. काम वाढलं, त्याला वाटलं तो जास्त राबतो, मला वाटलं मी. धंदा गेलाच, मित्रही गेला. यंत्राचा एक सुटा भाग अजून माझ्याकडे आहे आणि तो त्याचा की माझा, हे आजही ठरलेलं नाही.

आकडे मोठे झाले की भांडणंही मोठी होतात. स्नॅपचॅट या ॲपची सुरुवात २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांत झाली. त्यातल्या एकाला बाजूला काढलं गेलं, त्याने २०१३ मध्ये दावा ठोकला आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या कागदपत्रांनुसार त्यापोटी १५ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले.

करारात काय हवं? कोण काय करणार, आठवड्याला किती तास देणार, मधेच सोडून गेल्यास काय होणार. हिस्सा एकदम हातात देऊ नका, तो कामाच्या काळाबरोबर मिळत जावा. तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत चार वर्षांचा काळ रूढ आहे: पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काही नाही, नंतर दर महिन्याला थोडा थोडा. विद्यार्थ्यांच्या गटात हे कलम फारच मोलाचं आहे, कारण कोणाला कधी दुसऱ्या गावी नोकरी लागेल किंवा कोण उच्चशिक्षणाला जाईल, याचा भरवसा नसतो. 'आपण तसं करणार नाही' असं सगळेच म्हणतात. म्हणू द्या, आणि सही घ्या.

कंपनीची नोंदणी कधी करायची?

बहुतेकांना वाटतं त्याहून उशिरा. दुसऱ्याचे पैसे घ्यायची, करार करायची किंवा माणूस नेमायची वेळ आली, की करायची. शिवाय तुम्ही ज्या कामात आहात त्याला परवाना लागत असेल, तर त्याची चौकशी आधी करा. खाद्यपदार्थ, औषधं, प्रवासी वाहतूक यांत सूट नाही. १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे एक संस्थापक अँडी बेख्टोल्सहाइम यांनी लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांना 'गूगल इन्कॉर्पोरेटेड'च्या नावाने एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला. त्या नावाची कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. चेक जमा करायचा म्हणून कंपनी नोंदवली गेली. हा क्रम मला पटतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये केलेलं संशोधन माझं की कॉलेजचं?

आधी कॉलेजचा नियम वाचा, मग कामाला हात घाला. वेबपानांचा क्रम लावायच्या ज्या पेजरँक पद्धतीवर गूगल उभं राहिलं, तिचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. वापराच्या परवान्याच्या बदल्यात विद्यापीठाला १८ लाख शेअर मिळाले आणि २००५ मध्ये ते विकून त्याने ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. दोघांचंही भलं झालं, कारण कोणाचं काय हे कागदावर स्पष्ट होतं. तुमच्या कॉलेजचा नियम सापडत नसेल, तर लेखी विचारा आणि उत्तर लेखीच मागा.

भांडवल नाही. ते कुठून आणायचं?

सगळ्यांत स्वस्त भांडवल म्हणजे गिऱ्हाईकाने आगाऊ दिलेले पैसे. दुसरं, जे हाताशी आहे ते. भारतीय वंशाच्या संशोधक सरस सरस्वती यांनी मुरलेले उद्योजक विचार कसा करतात याचा अभ्यास करून २००१ मध्ये एक मांडणी केली. ही माणसं आधी ध्येय ठरवून मग साधनं शोधत बसत नाहीत. मी कोण आहे, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो, इथून सुरुवात करतात. आणि 'किती नफा होईल' यापेक्षा 'किती बुडालं तर मला चालेल' हे आधी ठरवतात. त्या धुलाईवाल्या मुलींकडे भांडवल काय होतं? तीस जुने एप्रन, डागांचं ज्ञान आणि लॅबच्या मावशींशी ओळख.

बुडालं तर चालेल तो आकडा आजच लिहून ठेवा. तो ओलांडायची वेळ आली, तर जोडीदाराला विचारल्याशिवाय ओलांडायचा नाही. फी भरायच्या पैशांना कधीही हात नाही.

धंद्यासाठी शिक्षण सोडू का? मोठमोठ्यांनी सोडलंय की!

मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातून संगणक विकायला सुरुवात केली आणि पुढे शिक्षण सोडलं, हे खरं. पण शिक्षण सोडल्यावर धंदा चालला असं ते नव्हतं. आधी धंदा चालला, मग शिक्षणाला वेळ उरेना. तुमचं तसं झालं, तर मला विचारायची गरज पडणार नाही.

दोन्ही दगडांवर पाय ठेवणं आपल्याकडे वाईट समजतात. इथे मात्र ते शहाणपणाचं ठरतं. नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्या उद्योजकांनी धंदा बंद करायची शक्यता, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी कमी, असं २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. चष्मे विकणाऱ्या वॉर्बी पार्करचे चार संस्थापक अमेरिकेतल्या व्हार्टन या व्यवस्थापन शाळेत शिकत होते. काही जणांनी सुट्टीतल्या इंटर्नशिपही सोडल्या नव्हत्या आणि शिक्षण संपल्यावरच्या नोकऱ्याही हाताशी धरून ठेवल्या होत्या. ते पूर्णवेळ उतरलेले नाहीत, हे पाहून त्यांच्या एका प्राध्यापकाने गुंतवणूक नाकारली. २०१० मध्ये ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

परीक्षेच्या काळात काय करायचं? दर वेळी तिथेच सगळं बंद पडतं.

विद्यार्थ्यांचे धंदे खरे तर इथेच मरतात, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. सत्र सुरू होतं तेव्हा सगळे जोरात असतात. परीक्षा येते, तीन आठवडे दार बंद. मग सुट्टी, सगळे पांगतात. परत येईपर्यंत गिऱ्हाईकाने दुसरी सोय केलेली असते.

सत्राचं वेळापत्रक हातात पडल्याबरोबर त्यावर धंद्याचं वेळापत्रक लिहा. परीक्षेचे तीन आठवडे आधीच 'अर्धं काम' म्हणून जाहीर करा आणि गिऱ्हाईकाला तारीख सांगून ठेवा. आधी सांगितलेली सुट्टी लोक समजून घेतात; न सांगता गायब झालेल्याला माफी नाही. त्या काळात रोज वीस मिनिटांचं एकच काम ठेवा: आलेल्या निरोपांना उत्तर द्यायचं. नवं काही सुरू करायचं नाही. आणि वेगळ्या विषयाचा किंवा एक वर्ष मागचा जोडीदार असेल, तर परीक्षेच्या तारखा एकावर एक येत नाहीत. त्या धुलाईवाल्या मुलींनी धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मुद्दाम वाणिज्य शाखेची मुलगी घेतली, तिची परीक्षा आठवडाभर आधी संपते म्हणून.

मी अजून लहान आहे का? अनुभव नाही म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही.

विशीतला हुशार पोरगा सगळं जिंकतो, हे चित्र फारसं खरं नाही. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक म्हणाव्या अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीच्या वेळचं सरासरी वय ४५ निघालं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्याच क्षेत्रात आधी काम केलेलं असणं हा मोठा फायदा ठरतो. म्हणजे आज नाही जमलं तर गाडी सुटली असं नाही.

पण विद्यार्थ्याकडे एक अनुभव भरपूर असतो: विद्यार्थी असण्याचा. मेलनी पर्किन्स पर्थमध्ये शिकताना इतर विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवायच्या, आणि नुसती बटणं सापडायला किती वेळ जातो हे रोज बघायच्या. त्यांनी एकदम सगळ्या जगासाठी काही काढलं नाही. २००७ मध्ये फक्त शाळांच्या वार्षिकांकांसाठी एक साधं साधन काढलं आणि त्यावर काही वर्षं काम केलं. कोणालाही वापरता येईल असं त्यांचं डिझाइनचं साधन, कॅनव्हा, आलं २०१३ मध्ये.

चांगला मार्गदर्शक कसा ओळखायचा?

जो तुम्हाला भेटल्यावर काम देतो, आणि पुढच्या भेटीत आधी त्याचंच विचारतो. फक्त स्वतःच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा (माझ्यासकट) चहा प्यावा आणि निघावं.

सोबतचे विद्यार्थीही मार्गदर्शकाइतकेच महत्त्वाचे. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत विद्यार्थ्यांचे वर्ग कॉलेजच पाडतं, आपला वर्ग आपण निवडत नाही. आधी धंदा केलेले विद्यार्थी ज्या वर्गांत जास्त होते, तिथून नंतर धंद्यात उतरणारे कमी निघाले, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. घट झाली ती मुख्यतः बुडणाऱ्या धंद्यांत. बाजूला बसलेला जाणकार मित्र 'हे नको, यात अमुक अडेल' असं वेळीच सांगतो. असे दोन मित्र शोधा.

घरचे 'आधी नोकरी कर' म्हणतात. त्यांना कसं पटवायचं?

वाद घालून नाही. सहा महिन्यांचा जमाखर्च दाखवून. तोटा असेल तरी दाखवा. हिशेब ठेवणाऱ्या मुलावर घरच्यांचा विश्वास लवकर बसतो.

पदवी मिळाल्यावर काय? सगळे आपापल्या वाटेने जातात.

विद्यार्थ्यांचा धंदा टिकतो की नाही, हे शेवटच्या सत्रात ठरतं, आणि त्याची तयारी त्याच्याही आधीच्या सत्रात करावी लागते. कारण त्या एकाच दिवशी तीन गोष्टी जातात: फुकटची जागा, हाकेच्या अंतरावरचं गिऱ्हाईक, आणि वेळ. फ्रेड स्मिथ यांनी येल विद्यापीठात १९६५ मध्ये रातोरात माल पोचवण्याच्या व्यवस्थेवर निबंध लिहिला होता. फेडेक्सची विमानं उडाली १७ एप्रिल १९७३ ला, त्या रात्री १४ विमानांनी १८६ पाकिटं नेली. मधली वर्षं लष्करात आणि विमानांच्या धंद्यात गेली. मधे खंड पडणं हा गुन्हा नाही. पण तो ठरवून पडलेला असावा, नकळत नव्हे.

म्हणून शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावं: पदवीनंतरचे बारा महिने मी पूर्णवेळ, अर्धवेळ की बाहेर? चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, म्हणजे एकमेकांकडे बघून कोणी उत्तर बदलत नाही. 'बाहेर' लिहिणाऱ्यावर रुसायचं नाही, त्याच्याकडून काम शिकून घ्यायचं. मग पाहायचं की कॉलेजच्या फाटकाबाहेरचं एक तरी गिऱ्हाईक आपल्याकडे आहे का. नसेल, तर उरलेले महिने फक्त तेवढंच काम.

आणि काही धंदे कॉलेजचेच असतात. त्यांना बाहेर ओढून नेण्यात अर्थ नसतो, ते धाकट्यांच्या हाती द्यायचे असतात.

बंद कधी करायचं? हट्टाने चालवत राहायचं का?

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचांतला एक पहिल्याच वर्षात बंद होतो, आणि पाच वर्षांनी निम्मेच उरतात. तेव्हा बंद करावं लागणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. त्याची अट मात्र डोकं शांत असताना, सुरुवातीलाच लिहून ठेवावी: 'अमुक तारखेपर्यंत दुसऱ्यांदा येणारी दहा गिऱ्हाइकं झाली नाहीत, तर थांबायचं.'

थांबलात, तर नीट थांबा. आगाऊ घेतलेले पैसे परत करा, देणी फेडा, गिऱ्हाइकांना निरोप पाठवा, खातं बंद करा, वही जपून ठेवा. त्या दोघी पदवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा धुलाईचं काम त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सोपवलं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आणून दिली. एक एप्रन शिल्लक होता, कॉलरमध्ये १७ आकडा. धुवायला देणाऱ्याने तो कधीच परत मागितला नव्हता. वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'फोन केला तीनदा. धुऊन ठेवलाय.'